हैबतरावांची खंडेनवमी

हैबतराव गेनबा पडळघरे. मुक्काम माले, तालुका मुळशी, जिल्हा पुणे. जन्म १ जून १९५२ —

वर्षापुढील आडवी रेघ चरित्रलेखनाच्या शिस्तीला धरून काढली आहे; चरित्रनायक हयात आहेत. मी मजकूर वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पहिला आक्षेप या रेघेलाच घेतला.

"पंत, ही रेघ कशापायी? वाट बघताय का काय?"

हयात व्यक्तीच्या बाबतीत अशीच पद्धत असते, असे मी सांगितले.

"मग तुमच्या नावाम्होरं बी एक काढा. दोघं मिळून वाट बघू."

जन्मतारखेबद्दल त्यांची तक्रार नव्हती. ती शाळेच्या दाखल्यावरची आहे. मालेतील त्या पिढीच्या बहुतेक सर्व मुलांचा जन्म गुरुजींनी एक जूनलाच उरकून घेतला होता. हैबतरावांच्या पत्नी गोजराबाई यांच्या मते ते भाताच्या भरल्या लावणीत जन्मले, आणि चिखलात उभे राहिल्याशिवाय त्यांना करमत नाही याचे कारणही तेच.

हे करमणे हाच या वृत्तांताचा विषय आहे. हैबतरावांनी आयुष्यभर भातशेती केली. गुडघे कुरकुरू लागल्यावर बैलजोडी विकली आणि शेत वाट्याने लावले. मुलगा अमोल भुकूमच्या एका नव्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. आईवडिलांसाठी त्याने एक खोली राखून ठेवली होती. "आबा, इकडे येऊन गप बसा," एवढीच त्याची विनंती असे. यातला "येऊन" हा भाग हैबतरावांना मान्य होता. "गप बसा" हा मान्य नव्हता. शेवटी बापलेकांमध्ये तोडगा निघाला तो असा, की गावात करण्यासारखे काही काम आहे तोवर हैबतराव मालेत राहतील. काम संपले की विनातक्रार लिफ्टमध्ये चढतील.

काम मिळाले ते त्यांच्याच शेडमध्ये. रस्त्याकडेच्या तुकड्यावर त्यांनी पूर्वी कोंबड्यांसाठी एक लांबलचक शेड बांधली होती. एका साथीत कोंबड्या गेल्या आणि शेड रिकामी राहिली. ती पुण्यातील शास्त्रज्ञ डॉ. निरंजन पेंडसे यांनी भाड्याने घेतली. मी सरकारी चाचणी प्रयोगशाळेतून निवृत्त झालो असल्यामुळे निरंजनरावांनी आपल्या कामाची शिस्त आणि प्रमाणपत्रे पाहण्यासाठी मला बोलावून घेतले. मी भुकूमला राहत असल्याने पौड रस्त्याची बस धरून जाऊ-येऊ लागलो.

तेथे काय बनते ते सांगणे आवश्यक आहे, कारण गावात याविषयी बरेच गैरसमज होते. काही विशिष्ट प्रकारची भाजलेली माती अशी असते, की ती दाबली असता तिच्यात वीज उत्पन्न होते, आणि उलट तिला वीज दिली तर ती थरथरते. ही माती कडक आणि ठिसूळ असते. म्हणून तिची भाजलेली पाटी हिऱ्याच्या करवतीने उभी-आडवी चिरतात. तिचे सुईएवढे बारीक खांब उभे राहतात. त्या खांबांच्या फटींतून राळेसारखे पॉलिमर ओतून घट्ट होऊ देतात. मग घासून सपाट करायचे आणि दोन्ही अंगांना चांदीचा पातळ लेप द्यायचा. माती आणि पॉलिमर यांचा हा संयुक्त पदार्थ शास्त्रात पिझोइलेक्ट्रिक, म्हणजे दाबविद्युत, म्हणून ओळखला जातो. गोजराबाईंनी पहिल्यांदा ताटलीत मांडलेले चौकोन पाहून "अगं बाई, वड्या थापल्यात की," असे उद्गार काढले, आणि त्या दिवसापासून शेडमध्ये त्यांना वड्या म्हणण्याचा प्रघात पडला. मीही तेच करतो.

एवढे होऊनही वडी निर्जीवच असते. तिच्यातील विद्युतकणांची तोंडे दाही दिशांना असतात. तिला ऊन तेलात बुडवून हजारो व्होल्टांचा दाब दिला की ती तोंडे एकाच बाजूला वळतात आणि दाब काढल्यावरही तशीच राहतात. हैबतरावांनी ही क्रिया प्रथम पाहिली तेव्हा ते म्हणाले, "शेरडांच्या कळपाला पाला दावल्यावानीच हाय की." निरंजनरावांनी पुढे एका व्याख्यानात हे उदाहरण वापरले, उगम मात्र सांगितला नाही.

सुरुवातीला हैबतराव मालक या नात्याने शेडची पाहणी करायला येत. पाहणी रोज होई. भट्टीचे झाकण उचलून "शिजलं का?" असे विचारणे, तेलात बोट बुडवायला जाणे, करवत चालू असताना तिच्याशी बोलणे, हे पाहणीत समाविष्ट असे. निरंजनराव मालकाला काही बोलू शकत नव्हते. तेव्हा मी सुचवले, की यांना कामावर घ्यावे. म्हणजे निदान नियम लागू होतील. त्याप्रमाणे त्यांना पांढरा एप्रन मिळाला, चाचणीच्या टेबलाशी एक स्टूल मिळाले आणि काम मिळाले: वडी मीटरच्या जबड्यात ठेवायची, मीटर तिला हलकेच दाबून जो आकडा दाखवील तो मोठ्याने वाचायचा. आकडा लिहून घेण्याचे काम अपेक्षा वाळंज करी. ही पौडची मुलगी, पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झालेली, आणि शेडमधील खरे शास्त्र तिच्याच हाती होते.

हैबतरावांनी नोकरी इतक्या गंभीरपणे घेतली की आमची पंचाईत झाली. एप्रन अंगावर आहे तोवर ते कामगार, आणि काढला की मालक, अशी त्यांनी स्वतःपुरती घटना तयार केली. एकदा मीटरवर छपरातून पाणी ठिबकू लागले. हैबतराव उठून निरंजनरावांच्या टेबलासमोर उभे राहिले.

"सायेब, छप्पर गळतंय. मालकाला सांगा."

"मालक तुम्हीच ना आबा?"

"मी आत्ता ड्यूटीवर हाय."

"मग मी कोणाला सांगू?"

"जेवणाच्या सुट्टीत गाठ घ्या त्यांची."

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एप्रन काढून खुंटीला लावला, दाराबाहेर जाऊन खाकरले, पुन्हा आत आले आणि म्हणाले, "हां, बोला पेंडसे. काय तक्रार हाय?" तक्रार ऐकून घेताना त्यांचा चेहरा असा होता, की गळतीची बातमी त्यांना तेव्हाच प्रथम कळत असावी.

आता मुख्य घटना. जनावरांच्या गर्भाची तपासणी करणारे एक यंत्र बनवणाऱ्या कंपनीने आमच्याकडे वड्यांची पहिली मोठी मागणी नोंदवली. यंत्राच्या तोंडाशी अनेक वड्या ओळीने बसतात. प्रत्येक वडीचे धन, म्हणजे अधिक चिन्हाचे, अंग वरच यावे लागते. एखादी उलटी बसली, तर ती शेजारच्या वडीचे काम खाऊन टाकते. एकाच जुवाला दोन बैल विरुद्ध तोंडांनी जुंपल्यासारखे ते होते. म्हणून तेलातून काढल्याबरोबर प्रत्येक वडीच्या धन अंगावर लाल शाईचा ठिपका देत असू. माल नेण्याचा मुहूर्त कंपनीच्या मालकांनी दसऱ्याच्या सकाळचा काढला होता, आणि त्यांचे तपासनीस जयसिंगराव स्वतः येऊन तपासून माल नेणार होते. निरंजनरावांनी आम्हा सर्वांना स्पष्ट सांगितले होते, की हा माल परत गेला तर शेड बंद करावी लागेल. शेड बंद म्हणजे स्टूल नाही, स्टूल नाही म्हणजे लिफ्ट, हा हिशेब हैबतरावांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आदल्या दिवशी खंडेनवमी. मालेत रीत अशी, की नवमीला सगळी अवजारे धुऊन, हळदकुंकू लावून, हार घालून पुजायची. आणि एकदा पुजली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना विश्रांती, हात लावायचा नाही. शेडमध्येही ही पूजा व्हावी, असे निरंजनरावांनाच वाटत होते. झेंडू आणि पेढे आणायला ते पौडला गेले. तोवर पतिपत्नींनी पूजा आरंभावी असे ठरले. अपेक्षा आणि मी बाहेरच्या खोलीत प्रमाणपत्रे लावत बसलो. माल तपासून झालेला होता, म्हणून आम्ही निश्चिंत होतो.

हैबतरावांनी पाट्या दाबायच्या यंत्राला कुंकू लावले. करवतीला, भट्टीला, तेलाच्या हौदाला, मीटरला लावले. मग त्यांची नजर वड्यांच्या ताटांवर गेली. खळ्यावर अवजारांबरोबर धान्याची रासही पुजतात. तेव्हा इथली रास कशी वगळायची? गोजराबाईंनी कुंकू कालवून दिले आणि त्यांनी करंगळीने एकेका वडीला, जी बाजू वर दिसेल तिला, लक्षपूर्वक बोट लावले.

अपेक्षा आत गेली आणि तिची किंकाळी ऐकू आली.

"आबा! अहो चांदीचा लेप आहे तो! आधी पुसा हे! सगळं पुसा!"

एवढे बोलून ती निरंजनरावांना फोन लावायला रस्त्यापर्यंत धावली, कारण शेडमध्ये फोनला रेंज नसते. मी आत पोहोचलो तेव्हा हैबतराव स्पिरिटची बाटली आणि कापूस घेऊन कामाला लागले होते, आणि गोजराबाई त्यांचा हात धरत होत्या.

"अवो, नवमीचं कुंकू पुसत्यात व्हय? अवलक्षण हाय ते!"

"गप. वड्यांना कुटं नवरा असतोय?"

हैबतरावांचे कोणतेही काम अर्धवट नसते. त्यांनी प्रत्येक वडी वरून पुसली, उलटून पुसली, कडांनी पुसली. अपेक्षा परत आली तेव्हा सर्व ताटे आरशासारखी लखलखत होती.

"बघ पोरी," ते म्हणाले, "एक बी ठिपका ठेवला न्हाई."

अपेक्षाने एक वडी उचलून दोन्ही अंगांनी पाहिली. कुंकवाबरोबर धन अंगाच्या खुणेचा एकूण एक शाईचा ठिपकाही गेला होता. दोन्ही अंगे तंतोतंत सारखी. कोणती वडी सरळ आणि कोणती उलटी हे नुसत्या डोळ्यांनी जगात कोणालाच सांगता आले नसते.

निरंजनराव झेंडूच्या पाटीसह आले. त्यांनी सर्व ऐकून घेतले, पाटी खाली ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. मीटर चालू करा. एकेक वडी दाबली की धन-ऋण कळेल. आत्ता बसलो तर दिवेलागणीपर्यंत होईल."

हैबतराव जागचे हलले नाहीत. त्यांनी एप्रन काढून हातावर घेतला.

"पेंडसे, मीटर पुजलाय. उद्या सकाळपतुर त्याला हात लागायचा न्हाई. ह्या जागंत माझ्या बापाच्या टायमापास्नं नवमीला पुजलेलं अवजार हाललेलं न्हाई."

"आबा, जयसिंगराव सकाळीच येणार आहेत. आणि हे सगळं झालंय कोणामुळे?"

हैबतरावांनी एप्रन पुन्हा अंगात घातला.

"माझ्यामुळं, सायेब. चूक कबूल. तुमी म्हनाल तर आत्ता मीटरवर बसतो. पण मालक ऐकत न्हाई."

"मग त्या मालकाची समजूत घाला!"

"लई हट्टी मानूस हाय त्यो."

"गोजराबाई, तुम्ही तरी काही सांगा—"

"पन्नास वर्सं झाली," गोजराबाई म्हणाल्या, "माझं बी ऐकलं न्हाई."

निरंजनराव सौम्य स्वभावाचे गृहस्थ आहेत, पण त्या दिवशी त्यांचा तोल गेला. "बास झालं हे नाटक. तुम्हाला मी कामावरून काढतोय. काढा तो एप्रन."

हैबतरावांनी एप्रन काढला, बाह्या आत घेऊन त्याची नीट घडी केली आणि ती स्टुलावर ठेवली. मला वाटले, आता मालक बोलणार. भाडेकरूला जागा खाली करायला सांगणे त्यांच्या एका शब्दावर होते. निरंजनरावांनाही तेच वाटले असावे, कारण त्यांचा चेहरा उतरला.

"शेड तुमची तुमी वापरा," हैबतराव म्हणाले. "भाडेकरूवर माझा राग न्हाई. नोकरीतलं नोकरीत." आणि ते बाहेर जाऊन आंब्याखाली दगडावर बसले. एप्रन नसलेले आणि तरीही मालकासारखे न दिसणारे हैबतराव मी तेव्हाच प्रथम पाहिले. ते पौड रस्त्याकडे, म्हणजे भुकूमच्या दिशेला, पाहत होते.

आत अपेक्षाने विचार करून सांगितले, की मोठा मीटर नसला तरी भागेल. वायरमनकडे असतो तसला साधा डिजिटल मीटर आणि त्याला समांतर जोडलेला एक कपॅसिटर एवढे पुरे. वडी झटकन दाबून धरली की आकड्यापुढे उणे चिन्ह येते की नाही, इतकेच पाहायचे. कपॅसिटर कोऱ्या पाकिटात होते, ते अवजारात मोडत नाहीत. पण तसला मीटर आमच्या अवजारांच्या कपाटात होता, आणि कपाटाला तिन्ही बाजूंनी कुंकू लागलेले होते.

"विहिरीवरच्या पेटीत हाय की एक," गोजराबाई म्हणाल्या. "परवा मोटार बिघडली तवा ह्यांनी काढला, आन तितंच इसरून आले. त्याची पूजा ऱ्हायलीच."

एखादे अवजार पुजायचे राहून जावे, हा पडळघरे घराण्यात कलंक समजला जातो. गोजराबाईंनी तो बाहेर जाऊन मोठ्या आवाजात जाहीर केला. हैबतराव खजील झाले. मग त्यांच्या लक्षात आले, की ज्याची पूजा नाही त्याला विश्रांतीही नाही. गुडघ्यांची कुरकुर विसरून ते विहिरीवर गेले आणि मीटर घेऊन आले. तो त्यांनी उंबऱ्यावर ठेवला. आत आले नाहीत.

कामाला तीन माणसे हवी होती: एक वडी दाबायला, एक चिन्ह पाहायला, एक ठिपका द्यायला. अपेक्षा चिन्ह पाहणार, मी ठिपका देणार. दाबायला निरंजनराव बसले, पण कंपनीशी फोनवर बोलायला त्यांना सारखे रस्त्यावर जावे लागत होते. तिसऱ्या फोननंतर ते आंब्याखाली गेले.

"आबा, जरा हात लावता का?"

"मालकानं भाडेकरूच्या कामात हात घालू न्हाई."

"मग पुन्हा कामावर या."

"काढलेल्या मानसाला असंच घेत्यात व्हय? तोंड गोड न करता?"

निरंजनरावांनी पेढ्यांचा पुडा उघडला. वास्तविक ते पेढे पूजेचे होते. हैबतरावांनी एक पेढा खाल्ला, एक गोजराबाईंना दिला, एप्रन घातला आणि स्टुलावर येऊन बसले.

अपेक्षाने दोन सूचना दिल्या. वडी दाबून धरायची, सोडायची नाही, कारण सोडताना चिन्ह उलटते. आणि ती चिमट्यानेच उचलायची, कारण हा पदार्थ उष्णतेनेही वीज देतो. तळहातात ऊब धरलेली वडी हातातून सुटून निवू लागली की खोटे चिन्ह दिसते. पहिली सूचना हैबतरावांनी काटेकोरपणे पाळली. चिमट्याविषयी त्यांचे मत पुढीलप्रमाणे होते: "चिमटा चुलीपाशी. हितं कशाला?" तरीही त्यांनी तो वापरला, निदान अपेक्षा पाहत होती तेव्हा. दिवे लागायच्या सुमारास सर्व वड्यांवर पुन्हा लाल ठिपके उमटले.

दसऱ्याच्या सकाळी दोन गाड्या जवळजवळ एकदमच आल्या. एकीतून जयसिंगराव उतरले. दुसरीतून अमोल. आईने फोनवर "तुझ्या आबाला काडून टाकलं" एवढे कळवले होते. पुन्हा घेतल्याचे कळवायचे राहिले होते. अमोल गाडीची डिकी उघडूनच उभा राहिला.

"आबा, चला. ठरल्याप्रमाणे."

"तपासणी हूं दे," हैबतराव म्हणाले. "मग म्हनशील तसं."

जयसिंगरावांनी सोबतचे यंत्र मांडले आणि वड्या तपासायला सुरुवात केली. हैबतराव स्टुलावर हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. अमोल दारात, डिकी उघडी. एका वडीच्या कडेला लालसर डाग पाहून जयसिंगरावांनी विचारले, "हे काय आहे?"

प्रमाणपत्रावर माझी सही असल्यामुळे उत्तर देणे माझे कर्तव्य होते. "खंडेनवमीचे कुंकू," मी म्हणालो.

निरंजनरावांनी डोळे मिटले. जयसिंगराव मात्र हसू लागले. "आमच्याकडे काल रोबोटला झेंडूचा हार घातला. बटण दाबलं तर हार गुंडाळत गेला आणि रोबोटचा हातच अडकला. अजून सोडवतायत."

संपूर्ण तपासणीत दोन वड्या उलट्या निघाल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या. अपेक्षाने हैबतरावांकडे पाहिले. हैबतरावांनी आपल्या तळहातांकडे पाहिले.

"चिमटा निसटत हुता," ते म्हणाले.

पहिल्या मालात एवढी चूक चालते, उलट्या दोन बदलून द्या, असे सांगून जयसिंगरावांनी माल स्वीकारला. अमोलने डिकी बंद केली. मग आपट्याची पाने वाटून झाली, आणि त्याने वडिलांच्या पायांना हात लावला. "आबा, पण चिमटा वापरा," एवढेच तो म्हणाला.

नंतर जे ठरले ते नोंदवून ठेवतो. धन अंगाची खूण आता शाईने करत नाहीत. चांदीच्या लेपाचा एक कोपरा खरवडतात, आणि ती खूण कोणत्याही स्पिरिटने जात नाही. खंडेनवमीला वड्यांची ताटे कुलपात ठेवायची. त्यांची पूजा कुलपाला कुंकू लावून करायची, आणि हैबतरावांना ही व्यवस्था शास्त्राला धरून वाटते. हैबतराव स्टुलावर कायम आहेत. मात्र धन-ऋण पाहण्याचे काम त्यांच्याकडे नाही, फक्त आकडे वाचण्याचे आहे. गोजराबाई आठ दिवसांसाठी भुकूमला जाऊन आल्या. त्यांना लिफ्ट आवडली, आणि त्या अधूनमधून एकट्याच जातात.

राहून गेले ते एकच. निघताना जयसिंगरावांनी हैबतरावांना शब्द दिला होता, की आपल्या वड्यांचे पहिले यंत्र तयार होताच ते मालेला आणीन आणि तुमच्या म्हशीच्या पोटातले रेडकू तुम्हाला दाखवीन. यंत्र अद्याप आलेले नाही. म्हैस पौषात व्याली. रेडी झाली. हैबतरावांनी निरोप पाठवला आहे की, आता घाई नाही, पण पुढच्या खेपेला तरी वेळेवर यावे.